नवं स्पेलिंग समोर आलं: ठेवायचं की खोडायचं?

इंग्रजी मजकूर तपासून छपाईला तयार करून देणं हा माझा रोजचा धंदा. अहवाल, पाठ्यपुस्तकं, माहितीपत्रकं, अधूनमधून एखादा प्रबंध. व्याकरणाच्या चुकांचा मला फारसा जाच होत नाही. चूक दिसली, खोडली, संपलं. डोकं खातात ते बदलत चाललेले शब्द. 'ऑलराइट' जोडून लिहिलाय, चालेल का? 'ईमेल'मधली आडवी रेघ गेली कुठे? 'इम्पॅक्ट' क्रियापद कधीपासून झालं? हाताखाली शिकणारी मुलं सारखी विचारतात, "ताई, हे आता बरोबर धरायचं का?" त्यांना मी हो-नाही सांगत बसत नाही. पुढच्या वेळी विचारायला यावंच लागू नये म्हणून रीत सांगते. तीच इथे लिहिते आहे.

वरचं कोर्ट नाही, हे आधी मान्य करा

फ्रेंचला अकादमी आहे, इंग्रजीला तसं काही नाही. जोनाथन स्विफ्टने १७१२ मध्ये प्रस्ताव मांडला होता की भाषा सुधारून एकदाची पक्की करून टाकावी. तो प्रस्ताव बासनातच राहिला. त्याच्या दोन वर्षं आधी याच स्विफ्टने ज्या नव्या शब्दांवर आगपाखड केली होती, त्यांत 'मॉब' होता. आज तो शब्द वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर असतो आणि कुणाला काही वाटत नाही.

वरून हुकूम सोडून स्पेलिंग बदलत नाही, याचा मोठा दाखला १९०६ चा. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला तीनशे शब्दांची सुटसुटीत स्पेलिंगं वापरायला सांगितलं. वर्तमानपत्रांनी टर उडवली, काँग्रेसने विरोध केला आणि त्याच वर्षी माघार घ्यावी लागली. शिकागो ट्रिब्यून हे दैनिक तर १९३४ पासून १९७५ पर्यंत चिकाटीने 'थ्रू' टी-एच-आर-यू असं आणि 'दो' टी-एच-ओ असं छापत राहिलं. शेवटी त्यांनीही हात टेकले. आणि दुसरीकडे 'टुडे' आणि 'टुमॉरो' बघा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत या शब्दांत 'टू'नंतर आडवी रेघ सर्रास असायची. ती काढा असं फर्मान कुणी काढलं नाही, मोर्चाही निघाला नाही. लिहिणाऱ्यांनी हळूहळू टाकली, कोशांनी मागाहून नोंद केली.

अमेरिकन कोशकार नोआ वेबस्टरची गोष्टही अशीच अर्धी यशस्वी. 'कलर' आणि 'ऑनर'मधला यू त्याने काढला, 'सेंटर'चा शेवट ई-आर केला, अमेरिकेने ते घेतलं. 'टंग' टी-यू-एन-जी असं लिहा, 'विमेन' डब्ल्यू-आय-एम-एम-ई-एन असं लिहा, हेही त्याने सुचवलं होतं. ते कुणी घेतलं नाही.

म्हणून समोर आलेल्या नव्या रूपाबद्दल 'याला परवानगी कुणी दिली?' असं विचारू नका. ते कितपत रुळलंय आणि कुठे रुळलंय, एवढं बघायचं.

बदल कशात झालाय, ते वेगळं काढा

हा माझा सगळ्यात उपयोगी नियम. बदल नुसत्या स्पेलिंगात असेल, म्हणजे वाचणाऱ्याला अर्थ तोच कळणार असेल, तर मी हात सैल सोडते. अर्थात बदल असेल तर मूठ आवळते.

स्पेलिंगबाबत सैल का, तर जुनं रूप पवित्र असतं हा समज एकदा कोश उघडून बघितला की टिकत नाही. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला बी कधीच उच्चारला जात नव्हता. शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा बी-शिवायच होता. पुढे विद्वानांना लॅटिन 'डेबिटम'ची आठवण झाली आणि त्यांनी बी घुसवला. 'आयलंड'मधला एस त्याहून वाईट. तो शब्द मूळचा अस्सल जुन्या इंग्रजीतला, त्याचा फ्रेंचमधून आलेल्या 'आइल'शी काही संबंध नाही. दिसायला सारखे म्हणून एस चिकटवला. 'हिकअप'च्या शेवटी 'कॉफ' लिहायची पद्धत पडली तीही उचकीचा खोकल्याशी बादरायण संबंध जोडून. तेव्हा 'मूळ शुद्ध रूप बिघडवलं' अशी तक्रार कुणी केली की मी आधी विचारते, मूळ म्हणजे कुठल्या सालचं?

याचा अर्थ दिसेल ते चालवून घ्या असा नाही. 'मिनस्क्यूल' शब्दात 'मिनी' आहे असं वाटून पुष्कळ लोक एम-आय-एन-यूऐवजी एम-आय-एन-आय लिहितात. काही कोश ते रूप नोंदवतातही. पण छापील मजकुरात अजून ते चूक म्हणूनच डोळ्याला खुपतं, म्हणून मी दुरुस्त करते. आणखी काही वर्षांनी कदाचित करणार नाही.

कोश नीट वाचायला शिका

'कोशात आहे' हा युक्तिवाद मी मोजत नाही. कोशात शिव्याही असतात. कोश वापर नोंदवतो, शिफारस करत नाही. १९६१ मध्ये मेरियम-वेबस्टरचा मोठा कोश आला, त्यात 'एन्ट'सारख्या ('इज नॉट'चं बोलीतलं रूप) शब्दाला पुरेसं फैलावर घेतलं नाही म्हणून केवढा गदारोळ झाला होता. त्या संपादकांचं म्हणणं साधं होतं: लोक बोलतात तसं लिहून ठेवणं हे आमचं काम.

म्हणून शब्द सापडल्यावर थांबू नका, त्याच्या आजूबाजूचं बारीक अक्षर वाचा. मेरियम-वेबस्टरमध्ये दोन रूपांच्या मध्ये 'ऑर' असेल तर दोन्ही सारख्या तोलाची. 'ऑल्सो' असेल तर दुसरं रूप दुय्यम. 'इन्फॉर्मल', 'चीफली ब्रिटिश', 'नॉनस्टँडर्ड' अशी खूण असेल तर ती तुमच्या मजकुराच्या जातीशी ताडून बघा. निदान दोन कोश उघडा, एक ब्रिटिश आणि एक अमेरिकन. दोघांचं एकमत असेल तर पुढे डोकं शिणवू नका.

मग गूगल बुक्सचा एनग्राम व्ह्यूअर, म्हणजे कुठला शब्द पुस्तकांत कधी किती आला याचा आलेख काढणारं साधन. दोन रूपं स्वल्पविराम देऊन टाका, ब्रिटिश आणि अमेरिकन पुस्तकांचे आलेख वेगवेगळे काढून बघा. नवं रूप जुन्याला कापून वर गेलंय का, आणि गेल्यावर वरच राहिलंय का, हे एका नजरेत दिसतं. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. तिथला मजकूर पुस्तकांचा, म्हणजे माझ्यासारख्यांनी आधीच चाळून काढलेला. बोलण्यातला बदल तिथे उशिरा पोचतो. आणि १८०० च्या आधीच्या पुस्तकांत लांब एस असायचा, यंत्र तो एफ समजून वाचतं, त्यामुळे जुन्या काळाचे आलेख कधीकधी भलतंच काहीतरी सांगतात.

एक शब्द या सगळ्यातून कसा जातो ते दाखवते. एका वैद्यकीय पुस्तकाच्या प्रुफात 'फीटस' (गर्भ) दोन तऱ्हांनी आला होता, काही प्रकरणांत एफ-ओ-ई, काहींत नुसतं एफ-ई. पुस्तक ब्रिटिश वळणाचं. लेखक डॉक्टरांनी समासात ठणकावलं होतं, 'ओ हवाच, ओ काढणं हा अमेरिकन आळस.' कोश उघडला. लॅटिनमध्ये या शब्दाला मुळात ओ नव्हताच, तो मागाहून चुकून शिरला. मग त्या क्षेत्रातलं लेखन बघितलं: ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकंही ओ नसलेलं रूप वापरतात. म्हणजे व्युत्पत्ती आणि वापर दोन्ही एकाच बाजूला. ओ गेला. पण त्याच पुस्तकात अन्ननलिकेसाठी 'ईसॉफॅगस' होता, त्याच्या सुरुवातीचा ओ मी ठेवला, कारण तो ग्रीकमधून रीतसर आलेला आहे आणि ब्रिटिश लेखनात अजून नांदतो. 'हीमोग्लोबिन'मधलं ए-ई सुद्धा तसंच राहिलं. डॉक्टरांनी दोन्ही मान्य केलं. फक्त सही करताना खाली 'नाइलाजाने' असं लिहिलं.

शास्त्रातल्या शब्दांना ही वेगळी वागणूक द्यावीच लागते, कारण तिथे ठरवणाऱ्या संस्था खरोखरच आहेत. रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आययूपॅकने, १९९० मध्ये गंधकासाठी एफ असलेलं 'सल्फर' स्वीकारलं, आणि पीएच मागे पडला. ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीनेही १९९२ मध्ये तेच केलं. अमेरिकनांचा एफ जिंकला म्हणून कुरकुरणाऱ्यांनी हेही पाहावं की 'ॲल्युमिनियम'मध्ये त्याच संघटनेने शेवटून तिसऱ्या जागेचा आय राखला, जो अमेरिकन लोक गाळतात. तेव्हा रसायनशास्त्राचा मजकूर बाकी पूर्ण ब्रिटिश असला तरी मी सल्फर एफनेच लिहिते.

झेड म्हणजे अमेरिकन, हा गैरसमज

यावर जरा जास्त थांबते, कारण सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. 'ऑर्गनाइझ', 'रियलाइझ' यांसारख्या शब्दांच्या शेवटी झेड दिसला की लोक म्हणतात, अमेरिकन झालं, एस करा. ऑक्सफर्डचा मोठा कोश पहिल्यापासून झेड वापरत आलाय, कारण हा प्रत्यय ग्रीकमधून आलाय आणि तिथे तो झेडनेच आहे. एस हा फ्रेंचमार्गे आलेला पर्याय. ब्रिटनमध्ये आज एस जास्त चालतो हे खरं, पण झेड परका नाही. इंटरनॅशनल लेबर ऑर्गनायझेशन या संस्थेचं अधिकृत नाव बघा: 'लेबर'मध्ये ब्रिटिश यू आहे आणि 'ऑर्गनायझेशन'मध्ये झेड आहे. ते मिश्रण नाही, तीच ऑक्सफर्डची पद्धत, आणि संयुक्त राष्ट्रांच्या कागदपत्रांत तीच चालते.

कुठलंही एक घ्या आणि शेवटपर्यंत पाळा. पण झेड घेतला तरी काही शब्दांना तो कधीच लागत नाही: 'ॲडव्हर्टाइज', 'सरप्राइज', 'एक्सरसाइज', 'सुपरवाइज', 'रिव्हाइज'. यांतला शेवट हा तो ग्रीक प्रत्ययच नव्हे. 'ॲनलाइझ'लाही ऑक्सफर्ड एसच ठेवतं. तिथला झेड खरोखरीच अमेरिकन.

आणि कृपा करून हे काम एकगठ्ठा शोधा-आणि-बदला करून उरकू नका. आय-एस-ई बदलून आय-झेड-ई केलं की 'वाइज', 'राइज', 'प्रिसाइज' सगळ्यांची वाट लागते. निदान त्यांच्याखाली लाल रेघ तरी येते. ओ-यू-आर बदलून ओ-आर करणं त्याहून घातक. 'फोर' म्हणजे चार, त्यातला यू गेला की उरतं 'फॉर', आणि स्पेलचेकर गप्प बसतो. 'फोर पेशंट्स'चं 'फॉर पेशंट्स' झालं तर वाक्य वाचायला सुरळीत लागतं आणि आकडा गायब. एकेक जागा बघूनच बदला. दुसरं म्हणजे, वर्ड प्रोसेसरची भाषा ब्रिटिश लावली तरी तो बहुतेक वेळा एस आणि झेड दोन्ही चालवून घेतो. सुसंगती तो राखत नाही, ती तुम्हालाच राखायची.

ब्रिटिश मजकुरात एकाच उच्चाराची दोन स्पेलिंगं मुद्दाम वेगळ्या कामाला ठेवलेली असतात, ती सपाट करू नका. कॉम्प्युटरचा 'प्रोग्राम' एका एमवर संपतो, कार्यक्रम असेल तर एम-एम-ई. 'मीटर' हे लांबी मोजायचं एकक असेल तर शेवटी आर-ई, मोजायचं यंत्र असेल तर ई-आर. न्यायालयाच्या निकालाच्या 'जजमेंट'मध्ये ब्रिटिश वकीलही जीनंतर ई लिहीत नाहीत.

अर्थ बदलला असेल तर

इथे मी कोशाला आणि आलेखाला दुय्यम मानते. प्रश्न एकच: हा शब्द वाचून माझा वाचक फसेल का?

'रिफ्यूट' घ्या. पुराव्यानिशी खोटं पाडणं, हा अर्थ. आता बातम्यांत तो नुसतं नाकारण्यासाठी येतो. 'अधिकाऱ्याने आरोप रिफ्यूट केले' असं लिहिलं की अर्धे वाचक समजतात आरोप खोटे ठरले, अर्धे समजतात तो फक्त नाही म्हणाला. अशा जागी मी 'डिनाइड' करते, विचारत नाही. 'डिसइंटरेस्टेड'चंही तसंच. निःपक्ष की रस नसलेला? खरं तर सतराव्या शतकात रस नसलेला हाही अर्थ होता, म्हणजे इतिहास काही माझ्या बाजूने नाही. तरी परीक्षकाबद्दल लिहिताना मी तो शब्द काढून 'इम्पार्शल' घालते, कारण परीक्षक कंटाळला होता असं कुणी वाचायला नको.

'नॉनप्लस्ड' तर मी वापरणंच सोडलंय. मूळ अर्थ गोंधळून गेलेला. अमेरिकेत बरेच जण तो अजिबात न डगमगलेला अशा उलट अर्थाने वापरतात. जुन्या अर्थाने लिहा, नवे वाचक चुकतात; नव्या अर्थाने लिहा, जुने हसतात. अशा शब्दाला दोन्ही बाजूंनी रामराम करावा.

सभेच्या इतिवृत्तात 'टेबल' हे क्रियापद दिसलं की कान टवकारा. ब्रिटनमध्ये ठराव टेबल करणं म्हणजे चर्चेला घेणं, अमेरिकेत बाजूला ठेवणं. दोन देशांची माणसं एका बैठकीत असतील तर साध्या शब्दांत लिहा.

आकड्यांतला बदल सगळ्यात महाग पडतो. ब्रिटनमध्ये 'बिलियन' म्हणजे पूर्वी दहा लाखांचे दहा लाख, आपल्या हिशोबात एक लाख कोटी. १९७४ मध्ये ब्रिटिश सरकारने अमेरिकन अर्थ, म्हणजे एक अब्ज, वापरायचं जाहीर केलं. जुन्या ब्रिटिश ग्रंथातला आकडा उचलताना मी आधी प्रकाशनाचं साल बघते.

कधी कधी मात्र नवा शब्दच शहाणा असतो. 'इन्फ्लेमेबल' म्हणजे पेट घेणारं, पण सुरुवातीचं 'इन' नकारार्थी वाटून माणूस उलट समजू शकतो. म्हणून अग्निसुरक्षेचं काम करणाऱ्यांनी 'फ्लेमेबल' पुढे आणला. टाकीवर, डब्यावर, सूचनेत तोच हवा. इथे जुन्याचा हट्ट धरणं म्हणजे भाषाप्रेम नव्हे.

आणि ज्या बदलांनी कुणीच फसत नाही, तिथे भांडू नका. 'होपफुली' वाक्याच्या आरंभी वापरू नये म्हणून पिढ्यान्पिढ्या शिक्षकांनी तांबड्या शाईचा खर्च केला. 'फ्रँकली'ला मात्र कुणी हरकत घेतली नाही, काम तेच असून. असोसिएटेड प्रेस (एपी) या अमेरिकन वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने २०१२ मध्ये 'होपफुली' मान्य केला. 'लिटरली' जोर देण्यासाठी वापरणं आजच्या पोरांचं खूळ वाटतं, पण ऑक्सफर्डच्या कोशात त्याचं १७६९ चं उदाहरण आहे. मी अहवालात तो खोडते, कारण तिथे तो फुकटचा असतो. संवादात राहू देते. 'ऑलराइट' जोडूनही तसंच: पात्राच्या तोंडी ठीक, औपचारिक पत्रात दोन शब्द.

एका माणसासाठी 'दे' हे अनेकवचनी सर्वनाम वापरण्यावर मात्र वाद घालायला लोक तयारच असतात. हा वापर चौदाव्या शतकापासूनचा आहे. 'यू'सुद्धा एकेकाळी अनेकवचनीच होता आणि एका माणसालाही आपण 'यू आर'च म्हणतो. आपल्याला तर याचं नवल वाटायलाच नको, आपण एकट्या माणसाला 'ते आले' म्हणतोच. असोसिएटेड प्रेसने २०१७ मध्ये मर्यादित प्रसंगी तो मान्य केला. व्यक्ती कोण हे माहीत नसेल तर मी बिनदिक्कत ठेवते. एखाद्याने स्वतःसाठी तोच मागितला असेल तर प्रश्नच नाही. फक्त त्याच परिच्छेदात खरोखरचे अनेक लोकही असतील, तर वाक्य फिरवून घ्या, नाहीतर कोण ते कळत नाही.

निर्णय कागदावर उतरवा

प्रत्येक कामासाठी एक पान ठेवा. डावीकडे शब्द, मध्ये घेतलेलं रूप, उजवीकडे एका ओळीत कारण आणि तारीख. 'ईमेल, रेघ नाही, एपीने २०११ पासून काढली.' 'इंटरनेट, पहिलं अक्षर लहान, एपी २०१६.' कारण लिहायचा कंटाळा करू नका; तीन महिन्यांनी लेखक विचारतोच, आणि तेव्हा 'मला तसं वाटलं' हे उत्तर पुरत नाही. ग्राहकाची स्वतःची शैलीपुस्तिका असेल तर ती आधी, तुमची आवड नंतर. एका ठिकाणी मला 'वेबसाइट' दोन शब्दांत आणि डब्ल्यू मोठा असं शेवटपर्यंत लिहायला लावलं. लिहिलं. त्यांचा अहवाल, त्यांचं नाव.

लेखकाशी बोलताना समासात 'चूक' असं लिहू नका. 'या अर्थाने वाचक गोंधळेल, हा पर्याय चालेल का?' असं विचारा. बहुतेक जण ऐकतात. जो ऐकत नाही आणि ज्याच्या शब्दाने कुणी फसणारही नाही, त्याचा शब्द ठेवून द्या. 'आउटविथ' (बाहेर) हा स्कॉटिश आणि 'प्रीपोन' (अलीकडे आणणं) हा भारतीय, दोन्ही तिथल्या तिथे स्वच्छ कळतात. परक्या वाचकासाठी मजकूर असेल तरच बदला. आणि 'गॉट'ऐवजी 'गॉटन' दिसला की अमेरिकन म्हणून नाक मुरडण्याआधी हे ध्यानात घ्या की तो जुना इंग्रजी वापर आहे, ब्रिटननेच मागे टाकलेला.

काही गोष्टींना हात लावायचाच नाही. विशेषनामं जशी आहेत तशी: ब्रिटिश मजकुरातही 'पर्ल हार्बर'ला यू नाही, अमेरिकन मजकुरातही ब्रिटनच्या 'लेबर पार्टी'ला आहे, आणि ऑस्ट्रेलियाच्या त्याच नावाच्या पक्षाला नाही. अवतरणं मूळ स्पेलिंगासकट. जुनं पुस्तक पुन्हा छापायला आलं असेल आणि त्यात 'टुडे' रेघेसह असेल, तर ती रेघ राहू द्या. फक्त आधीच्या मुद्रणाची चूक आणि त्या काळचा वापर यांत गल्लत होऊ नये म्हणून तो शब्द पुस्तकभर तसाच आहे का, हे एकदा तपासून घ्या.